निर्मळच्या वाटेवरची प्रार्थना

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण निर्मळच्या मोनिकामावशींचे आहे. फुलांची वाडी करणाऱ्या या ख्रिस्ती बाई. आमची ओळख झाली तीच मुळी एका गैरसमजातून.

पत्नी गेल्यावर मी वसईतल्या घरात एकटा उरलो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शिकलो, नोकरी केली, घर घेतले. देवपूजा मात्र कधी केली नाही. ती तिच्याकडे होती. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तिने लग्नात माहेरून आणलेले. सुतक फिटले तरी माझा हात देव्हाऱ्याकडे गेला नाही. तिच्या आजारपणात ज्यांच्यापुढे हात जोडून थकलो, त्यांना आता अंघोळ कशाला घालायची? पण पारोसे देव समोर दिसले की घास उतरत नसे. पुढे तर मी जेवायलाच बसेनासा झालो. शेवटी ठरवले, देव निर्मळच्या देवळात ठेवून यायचे, आणि एकदा ते गेले की आपणही कोणासाठी उठायचे नाही, अन्नपाण्यावाचून पडून संपायचे. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

लाल फडक्यात देव बांधून मी माणिकपूरच्या स्टँडवरून निर्मळची रिक्षा धरली. शेजारी एक म्हातारी बाई फुले विकून घरी परतत होती. माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहत तिने हळूच विचारले, "कोन गेलं, भाऊ?"

"बायको," मी म्हणालो. खरे तेच सांगितले.

तिने डोक्यावर पदर घेतला, टोपलीत उरलेली शेवंती गाठोड्यावर ठेवली, क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. तिला त्या अस्थी वाटल्या, हे माझ्या ध्यानात आले. पण पत्नी गेल्यापासून माझ्याशेजारी बसून असे कोणी डोळे मिटले नव्हते. मला तिला अडवता येईना. तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली आणि गाठोडे खणखणले.

"अवो, ह्यात वाजतंय काय?"

"देव आहेत. पितळेचे. देवळात सोडायला चाललोय."

"देव? अगो बाई! आनि मी त्यांच्या आत्म्याला शांती मागितली!"

"मावशी, देवालाच पोचवलंत की!" रिक्षावाला हसत सुटला. मलाही हसू फुटले, आणि हसता हसताच रडू कोसळले. मावशींनी मला रडू दिले.

"कोनाचे हे देव?"

"तिचे. माहेरचे."

"मग ती गेल्यावर तिच्या मानसांना घराबाहेर काढतोस? आम्ही गेलेल्यांच्या कबरीवरबी फुलं नेतो. जा घरी. उद्या स्टँडवर ये, फुलं ठेवते. नाय आलास तर तुझ्याच नावानं शांती मागीन, बघ!"

त्यांनी गमतीने म्हटले असेल. माझ्या मात्र अंगावर काटा आला. मनातले त्यांना कसे कळले, यावर मी वाद घालत नाही. एवढेच जाणवले, की देवांना फूल मिळाले होते, प्रार्थना झाली होती. माझे मन ताळ्यावर येण्याची वाट कोणी पाहिली नव्हती. मावशी त्यांच्या गल्लीशी उतरल्या आणि मी त्याच रिक्षाने घरी परतलो. दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो. त्यानंतर रोज जात राहिलो.

दुःख कमी झाले असे म्हणणार नाही. शरण जाणे म्हणजे मन शांत होणे, असे मी समजत होतो. आता वाटते, मन नसतानाही सकाळी फुलांसाठी हात पुढे करणे, एवढेच ते असावे. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मावशी हल्ली नाशिकला लेकीकडे असतात. त्यांना परवा पत्र धाडले:

तीर्थरूप मोनिकामावशींस,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? स्टँडवर तुमची सून फुले देते, पण तुमच्यासारखी रागावत नाही. संध्याकाळी घर अजून खायला उठते. तरी देव पारोसे नसतात आणि मी उपाशी नसतो. एक मागणे आहे. नोव्हेंबरात तुमच्याकडे गेलेल्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा होते, तेव्हा हिच्यासाठीही दोन शब्द बोलाल का? त्या दिवशी तुम्ही नाव न विचारताच प्रार्थना केलीत. तिचे नाव शालिनी.