धोंडबाचे बेणे

आमच्या हुडकेश्वरच्या बाजूच्या तलावात धोंडबा ढीवर आणि मी एकाच ओढजाळ्यावर एकोणीस वर्षे काम केले. एक टोक त्याच्या हातात असे व दुसरे माझ्या. त्याच्याविषयी लिहिणे हे माझे कर्तव्य आहे, कारण त्याच्या नुकसानीत माझा वाटा आहे.

आमच्या लोकांत अशी रीत होती की, वैशाखात तलाव आटला म्हणजे मधल्या खोल डोहात कोणी जाळे टाकायचे नाही. त्या डोहातील मासे म्हणजे बेणे. पावसाळ्यात तेच अंडी घालतात आणि तलाव पुन्हा भरतो. बेण्यासाठी कोणते मासे राखावेत हे धोंडबा ठरवीत असे. त्याची नजर चुकत नाही असे सर्व मानत.

सन १९६९ मध्ये तलावाच्या वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना उघडला व त्याचे पाणी तलावात येऊ लागले. पहिल्याच वर्षी रोहू आणि कतला पांढरी पोटे वर करून काठाला लागले. मरळही गेली. चिखलात फक्त अकरा मांगूर, लांब मिशांचे काळे मासे, जिवंत सापडले.

त्या काळी धोंडबा एका कॉलेजात चिरफाड शिकविण्यासाठी जिवंत मासे पोचवीत असे. तेथील प्राध्यापक वामनराव धरमपेठेत राहत व त्याच्याशी आदराने बोलत. त्यांनी त्याला समजावून सांगितले की, मांगूर वरची हवा घेतो म्हणून वाचतो. ही विद्या माशांनी एकदाच मिळविलेली नाही. निरनिराळ्या कुळांतील माशांनी निरनिराळ्या देशांत ती आपापली मिळविली आहे. अंधाऱ्या गुहांतील मासे जागोजागी आंधळे झाले. उत्तरेच्या व दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रांत, एकमेकांशी नाते नसलेल्या माशांचे रक्त सारख्याच उपायाने गोठायचे थांबले. गंधकाच्या विषारी झऱ्यांतही मासे नांदतात. किती काळ लागतो, असे धोंडबाने विचारले. हजारो मरतात तेव्हा एखादा टिकतो, आणि असे हजारो पिढ्या चालते, असे वामनराव म्हणाले.

धोंडबाने त्यातील पहिले हजार धरले व दुसरे सोडले. एक मादी एका पावसाळ्यात हजारो अंडी घालते, मग हिशेब एका पावसाळ्यातच पुरा होतो, असे तो मला म्हणाला. मलाही ते पटले.

ते अकरा मांगूर त्याने डोहात राखले. पुढच्या वैशाखात आम्ही चिखल चाळला तेव्हा नऊ निघाले. तो आनंदाने मटकन चिखलातच बसला. तेव्हापासून दर वर्षी जे निघतील ते बेणे म्हणून परत सोडायचे, एकही विकायचा नाही, असे त्याने ठरविले. आम्ही दुसऱ्यांच्या तलावांवर मजुरीने जाळे ओढू लागलो.

त्याच्या बायकोचा, पार्वतीबाईचा, भाऊ सावनेरकडे कोळशाच्या खाणीत होता. त्याने धोंडबासाठी शब्द टाकला होता. धोंडबा गेला नाही. पार्वतीबाई माझ्यादेखत त्याला म्हणाली, “मासे जहर पचवाले शिकतीन तवर पोरायनं काय खावं? तुमचं बेणं?” तो हसला व म्हणाला, “दोन साल थांब वं. जात बदलून राहिली.”

आता मी माझी गोष्ट लिहितो. तिसऱ्या वर्षी श्रावणात पहाटे मी बांधावर गेलो होतो. पाऊस लागून होता. पलीकडच्या धानाच्या बांधीतून, पाणी साठलेल्या खाचरातून, चार मांगूर ओल्या गवतावरून, कल्ल्यांजवळच्या आपल्या काट्यांवर अंग रेटत, तलावाकडे सरकत होते. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. आमच्या चिखलात वैशाखात कोण सापडते, हे मला तेव्हा उमगले. ती धोंडबाच्या बेण्याची संतती नव्हती. दर पावसात चांगल्या पाण्यातून नवे मासे येत होते, काही महिने तग धरत होते आणि मरत होते. मी ते चारही मासे उचलले व स्वतःच्या हाताने तलावात सोडले. घरी गेलो आणि कोणाला काही सांगितले नाही. धोंडबा खाणीत गेला असता तर जाळ्याचे दुसरे टोक धरायला माझ्याजवळ माणूस नव्हता. त्याचे मन मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो, असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे.

सातव्या वर्षी मृग आणि आर्द्रा दोन्ही कोरडे गेले. धानाच्या बांध्या भरल्याच नाहीत. तलावात पाणी होते, पण ते कारखान्याचे. त्यानंतरच्या वैशाखात आम्ही चार दिवस चिखल उपसला. एकही मांगूर निघाला नाही. चौथ्या दिवशी धोंडबा कोपरापर्यंत हात घालून एकटाच चाचपत राहिला. त्याची कातडी निळसर झाली होती. तो सारखा विचारीत होता की, सहा वर्षे टिकले ते एकाच साली कुठे गेले.

मला ते ऐकवेना. मी बांधावरची हकीकत सांगितली.

त्याने हात बाहेर काढले. “तुले ठाऊक होतं काय गा, लहानू?”

मी होय म्हटले.

“कवापासून?”

मी साल सांगितले.

आठ दिवसांनी तो सावनेरला गेला. मेहुण्याने त्याला साहेबापुढे उभे केले. आता पस्तिशीच्या आतलेच घेतात, असे साहेबाने सांगितले. धोंडबा बेचाळीसचा होता. तो परत आला व विटांच्या भट्टीवर गारा तुडवायला लागला. पार्वतीबाई धरमपेठेत घरोघरी भांडी घासू लागली.

मी क्षमा मागण्यासाठी त्याच्या दारी गेलो. तो उंबऱ्यावर पायाच्या भेगांना तेल लावीत होता. मी बोललो ते त्याने सगळे ऐकून घेतले. नंतर, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतो आहे अशा आवाजात, तो म्हणाला, “तवाच सांगतलं असतं त मी अडतीसचा होतो. तवा पस्तीसची अट नव्हती.”

तेलाची वाटी घेऊन तो आत गेला. मी थोडा वेळ बाहेर उभा राहिलो. आतून कोणी मला बस म्हटले नाही.