वाय गिऱ्हाइकानंच दाबायचा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात जुने पार्ट भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र कुणी नेत नाही. ते साचतच राहतात. मग चार मित्र जमले, की असे बाहेर पडतात.

नव्वदीच्या शेवटाला श्रीरामपूरला बसस्टँडजवळ माझं आणि दिलीपचं दुकान होतं. तेव्हा एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग करायची फॅशन होती, सी आणि डी. वर्षभरात सी गच्च भरायचा, डी रिकामा पडायचा आणि माणूस यायचा, "दोन्हीचं एक करून द्या, पण आतलं काही जायला नको!"

दिलीप सगळ्यांना एकच सांगायचा, "मधली भिंत पाडायची तर आधी दोन्ही खोल्यांतलं सामान अंगणात काढावं लागतं." अंगण म्हणजे आमच्या दुकानातली दुसरी डिस्क. सामान तिच्यावर कॉपी करायचं, दोन्ही भाग पुसून एक करायचा, मग सामान परत आत. पुसण्याआधी मशीन विचारायचं, नक्की ना? नक्की असेल तर कीबोर्डवर 'यस'चा वाय दाबायचा. आणि तो वाय गिऱ्हाइकानं स्वतःच्या बोटानं दाबायचा, असा दिलीपचा कायदा होता.

*

कायदा आला कुठून? दिलीपच्या स्वतःच्या लग्नातून! चार दिवस बसून त्यानं पाहुण्यांची यादी टाईप केली होती. मग आपल्याच मशीनवर प्रयोग म्हणून भाग जोडायला घेतले, कॉपी करायचं विसरला आणि झोकात वाय दाबला. यादी गेली. घाईघाईत आठवून दुसरी केली, त्यात नेमका सख्खा मामा राहिला.

मामा अजून भेटला की विचारतो, "भाच्या, खरं सांग. मला कॉम्प्युटरनं पुसलं का तू?"

*

एक डॉक्टर आले. सगळ्या पेशंटची माहिती मशीनमध्ये. दिलीपनं कागद पुढं केला, "काही झालं तर दुकान जबाबदार नाही. सही करा."

डॉक्टर हबकले. "अहो, ही सही आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक करतात!"

"इथं नातेवाईक तुम्हीच," दिलीप म्हणाला.

डॉक्टरांनी सही केली, मागच्या नळावर जाऊन दोन्ही हात साबणानं धुतले आणि मग वाय दाबला.

*

सोनईकडच्या एका शाळेतले क्लार्क फोनवर म्हणाले, "डिस्क जोडायचीय." दिलीप म्हणाला, "येताना आतल्या सगळ्याची एक प्रत काढून आणा." दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी भरून कागद घेऊन हजर! प्रत्येक फाईलची प्रिंट, वर सुतळी बांधलेली.

"आता पुसा बिनधास्त," ते म्हणाले.

"आणि हे परत आत कसं घालायचं?"

"तुमी दोघं हायत की! एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं."

माणूस इतक्या विश्वासानं आला होता, की हसायचीही चोरी झाली. चहा पाजला आणि त्यांच्यासमोरच कॉपी काढली.

*

साळवे मॅडम टायपिंग क्लास घ्यायच्या. त्यांच्या वडिलांनी जयंतीसाठी रचलेली गाणी वहीत होती, वही पुरात भिजली, त्याआधी मॅडमनी गाणी टाईप केली म्हणून ती वाचली. ती गाणी आता फक्त त्या डिस्कमध्ये. त्यांनी वाय दाबला, सामान परत आत जायला लागलं आणि भरदुपारी लाईट गेली! यूपीएस ठणाणा करायला लागला. मशीन मध्येच बंद पडलं, तर दोन्ही डिस्क बिघडायची भीती. बॅटरी पुरावी म्हणून आम्ही मॉनिटरही बंद केला. आता आत काय चाललंय ते दिसेना. मॅडम खाली बसल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

"कुरकुरतंय अजून. चालू आहे," त्या सांगत राहिल्या.

लाईट आली. सगळं जागेवर होतं. पण मॅडमचं समाधान होईना. त्यांनी एकेक गाणं उघडलं आणि दुकानात उभ्या राहून शेवटापर्यंत म्हटलं. बाहेर रिक्षावाले गोळा झाले. शेवटी त्या म्हणाल्या, "एक कडवं जरी कमी असतं ना, मला कळलं असतं!"

*

कोल्हारचे रावसाहेब आणि अशोक सख्खे भाऊ. दोघं मिळून एका कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायचे. काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. धंदा वेगळा केला, पण कॉम्प्युटर कापता येईना. म्हणून आमच्याकडूनच डिस्कचे दोन भाग करून घेतले. सी थोरल्याचा, डी धाकट्याचा. सकाळी हा बसणार, दुपारी तो. दुसऱ्याच्या भागात डोकावायचं नाही, आणि तीन वर्षं खरंच कुणी डोकावलं नाही.

एक दिवस रावसाहेब मशीन घेऊन आले. "आईचं वर्षश्राद्ध हाय. पत्रिकेत तिचा फोटो टाकायचाय, माझ्याकडं जागा न्हाई. दोन्हीचं एक करा."

"डीमधला माल अशोकचा. तिथला वाय तोच दाबणार," दिलीप म्हणाला.

"तीन वर्षं शब्द न्हाई आमच्यात. बोलावू कसा?"

"ते तुम्ही बघा."

रावसाहेब मशीन ठेवून मान खाली घालून गेले. मला दिलीपचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच एसटीनं आले. एक सगळ्यांत आधी उतरला, एक सगळ्यांत शेवटी. दुकानातल्या बाकड्याच्या दोन टोकांना बसले. आधी थोरल्यानं वाय दाबला, मग धाकट्यानं. सामान परत घालताना मी विचारलं, "दोघांचे दोन फोल्डर करू?" थोरला पंख्याकडं बघत राहिला, धाकटा रस्त्याकडं. मी सगळं एकात टाकायला लागलो.

मशीन अडलं. 'आई' नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

दोघांच्याही भागात त्याच नावाची फाईल होती. मी दोन्ही उघडल्या. रावसाहेबांची वर्षश्राद्धाची पत्रिका, फोटोची जागा रिकामी, खाली आपले नम्र, रावसाहेब आणि अशोक. अशोकची उघडली. तीही वर्षश्राद्धाचीच, फोटोसकट. खाली आपले नम्र, रावसाहेब आणि अशोक.

दोघं बाकड्यावरून उठून स्क्रीनपाशी आले. मी विचारलं, "कुठली ठेवू?"

"दादाची ठेवा," अशोक म्हणाला.

"न्हाई," रावसाहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "त्याची ठेवा. त्यात आई हसतीय."