मागे न राहणारा मासा

“मासा राहील, नाहीतर मी जाईन,” मुस्ताकिम म्हणाले.

“जा की,” कासियाती म्हणाली. “जाताना तांदळाची गोणी तेवढी गाडीवर टाकून जा.”

“एमाक, तू मध्ये पडू नकोस.” ही लुत्फिया, त्यांची मुलगी. “बापाक, मासा वाईट आहे असं मी म्हटलंय का? मी म्हटलं, तो फार चांगला आहे.”

“चांगला आहे म्हणून काढून टाकायचा! वा. मालांगला चार वर्षं शिकून हे घेऊन आलीस?”

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच बांबूची भिंत. ऐकायला कान लावावा लागत नाही. तरी मी लावला, आणि मग त्यांची सांबलची, म्हणजे मिरचीच्या चटणीची, वाटी परत करायची राहिलीच आहे हे आठवून आतच गेले.

पुढच्या खोलीत जमिनीवर कापड पसरलेलं होतं. त्यावर झगझगीत हिरव्या, गुलाबी आणि नारिंगी रंगांत रंगवलेला बाजार, आणि बाजाराच्या मधोमध लेले. मिशांचा मासा, चांगला बोकडाएवढा, एक डोळा मिटून हसणारा. कापडाच्या एका कडेला मुस्ताकिम मांडी घालून बसलेले, दुसऱ्या कडेला लुत्फिया. दारात कासियाती, हातात काकड्यांची टोपली. आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरमागे लपल्यासारखा आंगित, लुत्फियाचा भागीदार. हा रोज ग्रेसिकहून मोटारसायकलवर येतो आणि भांडण लागलं की त्याला हमखास काहीतरी टाइप करायचं असतं.

मुस्ताकिमनी जन्मभर दुसरं काही रंगवलं नव्हतं. लामोंगानची निम्मी माणसं देशभर तळलेला लेले, सांबल आणि भात विकतात. संध्याकाळी रस्त्याकडेला तंबू ठोकायचा आणि तंबूभोवती रंगवलेलं कापड गुंडाळायचं, स्पांडुक. त्यावर मासा, कोंबडा, बदक. कासियातीचाही इथंच असा एक तंबू आहे. मुस्ताकिम हे काम मामाकडे शिकले. मामाचा नियम एकच होता: भरधाव मोटारसायकलवाल्याला मिशी दिसली नाही तर कापड धुऊन टाक. मुस्ताकिमच्या माशाची मिशी टोकाला वळलेली असते. मकास्सारला असलेला आमच्या गल्लीतला एक जण सांगत होता, नव्या शहरात पहिल्या रात्री रडू येत होतं, तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या तंबूवर ती वळलेली मिशी दिसली, म्हटलं गावचं माणूस भेटलं.

आता पुष्कळजण छापील स्पांडुक लावतात. त्यावर माशाचा फोटो असतो. मुस्ताकिम त्याला ‘प्रेताचा फोटो’ म्हणतात.

म्हणून लुत्फिया जेव्हा म्हणाली की आम्ही एक गेम करतोय, त्यात डोक्यावर टोपली घेतलेली मुलगी गावभर डबे पोचवत धावते, आणि तिच्या मागचं सगळं गाव मला तुमच्या हातचं हवंय, तेव्हा ते उठले आणि ब्रश धुवायला गेले. ब्रश स्वच्छच होते.

त्यांना त्या कामाचं कुतूहलही विलक्षण. आंगितनं दाखवलं की मागचं चित्र एक नसतं, तीन-चार असतात: लांबचे डोंगर, मग घरं, मग जवळची झाडं. मुलगी धावली की झाडं भरभर मागे जातात, घरं बेतानं, डोंगर जेमतेम.

“डोंगर का पळत नाहीत?” मुस्ताकिमनी विचारलं.

“तसंच दिसतं ना, बापाक. बसमधून.”

“मी बसमध्ये झोपतो.”

दुसऱ्या दिवशी ते बाबात गावाच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. बाबात आलं, सगळे उतरले, हे बसूनच. कंडक्टरनं विचारलं, “कुठं उतरायचंय?” हे म्हणाले, “कुठंच नाही. डोंगर बघतोय.” परत येईपर्यंत कंडक्टरनं त्यांच्याकडे दोनदा पाण्याची बाटली नेऊन दिली, उन्हानं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. घरी आल्यावर ते कासियातीला म्हणाले, “माशांची तळी पळतात, चुनखडीचे डोंगर उभे राहतात. खरंच आहे पोराचं.” कासियाती म्हणाली, “आणि तुमच्या वाटणीच्या काकड्या कोण चिरणार होतं, डोंगर?”

तर असा सगळा उत्साह होता आणि मग माशानं घात केला.

आंगितनं बाजाराचं चित्र गेममध्ये बसवलं आणि गल्लीतल्या बायकांना एकेक करून खेळायला बसवलं. मीही बसले. मुलीनं बाजार ओलांडून मशिदीपाशी डबा द्यायचा, एवढंच. मी सरळ माशाकडे गेले. उड्या मारमारून त्याला पकडायला बघत होते. “तो नुसता मागचा आहे,” आंगित म्हणाला. “मागचा आहे तर डोळा का मारतोय?” मी म्हटलं. माझ्यानंतरची माशाकडे गेली, तिच्या नंतरचीही. एकीला तर आपली टोपलीवाली मुलगी सापडेचना, इतकी ती त्या गुलाबीत बुडाली. एकही डबा मशिदीपर्यंत पोचला नाही.

लुत्फियानं मासा लहान करायला सांगितला. मुस्ताकिमनी केला, पण कोंबडा मोठा झाला. कोंबडा काढून टाकला तर मिरच्या पेटल्या. त्यांचा हातच तसा. जे रंगवतील ते पुढे येऊन उभं राहणार.

शेवटी आंगितनं, खाली बघत, सांगून टाकलं होतं. बांडुंगला एक चित्रकार मुलगी आहे, तिला विचारलंय, रमजान लागायच्या आत बाजार जमला नाही तर काम तिच्याकडे द्यावं लागेल. बापाकचं नाव आम्ही ‘साहाय्य’ म्हणून घालू.

आज दुपारचं भांडण त्यावरून होतं. मासा हे नुसतं निमित्त.

“साहाय्य,” मुस्ताकिम आता म्हणाले. “मिशी वळवायला साहाय्य, की ब्रश धुवायला?”

“बापाक, असं नका ना बोलू.”

“न्दुक, पोरी, तूच सांग. ज्याच्याकडे कुणी बघायचं नाही ते चित्र माणसानं काढायचं कशाला? भिंत पांढरी ठेवा.”

लुत्फिया रडायच्या बेतात होती आणि रडताना दिसू नये म्हणून कापडाचा कोपरा सारखा करत होती.

कासियातीनं टोपली खाली ठेवली. “झालं दोघांचं? सितीचा पोरगा तापलाय, ती आज गाडीवर येणार नाही. जो कुणी घर सोडून जाणार आहे त्यानं जाता जाता माझ्या तंबूत बसून काकड्या चिराव्यात.”

मुस्ताकिम तंबूत कधी बसत नसत. ते रस्त्यापलीकडे उभे राहत, पानपट्टीपाशी, आणि तिथून आपलं स्पांडुक बघत. आत बसून बायकोच्या हातचं गिऱ्हाइकासारखं खाणं त्यांना बरं वाटत नसे. लोक म्हणतील, बघा, माशाच्या नावावर फुकट जेवतो. पण त्या दिवशी घरात थांबण्यापेक्षा काकड्या बऱ्या, म्हणून गेले. मला कासियातीनं भातासोबत द्यायची तुळस निवडायला नेलं. शेजारीण फुकटात मिळते.

तंबू पश्चिमेकडे तोंड करून असतो. ऊन उतरलं होतं आणि कापडातून गाळून आत येत होतं. मुस्ताकिम खाली मान घालून चिरत होते. पहिलं गिऱ्हाईक आलं, ट्रकवाला. मग शाळेतल्या दोन बाई. मग एक नवरा-बायको, त्यांचंही काहीतरी बिनसलेलं, कारण दोघं सांबलकडेच बघत होते. काकडी मागायला कुणीतरी हाक मारली तेव्हा मुस्ताकिमनी मान वर केली, आणि ती वरच राहिली.

“काय झालं?” कासियातीनं विचारलं. “बोट कापलं?”

“हा माझा मासा?”

“नाही, माझ्या मावशीचा.”

स्पांडुकाची ती मागची बाजू होती. रंग कापडातून जेवढा पाझरला तेवढाच तिथं होता. गुलाबी कच्च्या पेरूच्या गराइतका फिका झालेला, हिरवा पाण्यात पडलेल्या सावलीसारखा. काळी रेघ विरून करडी झाली होती. मासा होता, मिशी वळलेली होती, डोळा मिटलेला होता, पण तो कुणाला हाक मारत नव्हता. त्याच्यापुढे ट्रकवाल्याचं तोंड, बाईंच्या हातातला भाताचा घास, रुसलेल्या बायकोच्या कानातलं, सगळं लख्ख दिसत होतं.

मुस्ताकिम सुरी हातात घेऊनच गिऱ्हाइकांकडे गेले. ट्रकवाला जरा मागे सरकला.

“भाऊ, न बघता सांगा. तुमच्या मागे काय आहे?”

“मागे?” ट्रकवाला म्हणाला. “तंबू आहे.”

“तंबूवर काय आहे?”

“मासा असेल. लेलेच्या तंबूवर काय असणार, विमान?” आणि मग जरा विचार करून, “का हो? मासा नसता तर इथं कशाला बसलो असतो?”

मुस्ताकिमनी त्या माणसाला इतक्या काकड्या वाढल्या की कासियातीला हात धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापड आधी ओलं केलं. आजवर कधी केलं नव्हतं. ओल्या कापडावर रंग पसरतो, रेघ फुटते, मामानं कानफटात दिली असती. मग नेहमीसारखाच भडक बाजार काढला, फक्त डाव्याचं उजवं करून, आणि वाळल्यावर कापड पालथं घातलं. आंगित टेबलावर चढला आणि पालथ्या बाजूचा फोटो काढला. पहिला जमला नाही, रंग पुरता पाझरला नव्हता. दुसऱ्यात मशीद वाहून गेली. तिसऱ्याला लुत्फियानं आईला बोलावलं.

कासियातीनं जन्मात गेम खेळला नव्हता. ती कमरेच्या कापडाला हात पुसत बसली आणि ती टोपलीवाली मुलगी घेऊन निघाली. खड्ड्यात पडली, उठली, बकरीला धडकली, “सरक गं म्हशी” म्हणून बकरीला बोलली, आणि मशिदीपाशी डबा देऊन मोकळी झाली.

“एमाक, बाजार कसा होता?” लुत्फियानं विचारलं.

“कुठला बाजार?” आणि मग, “हां. आपलाच होता ना? घरी असल्यासारखं वाटलं. नीट नाही बघितला.”

आंगितनं हात वर केले. लुत्फियानं आईचा गालगुच्चा घेतला. मुस्ताकिम हसले खरे, पण मला त्यांचं तोंड दिसत होतं. ज्या माणसाचं काम आयुष्यभर रस्त्यापलीकडून दिसलं, त्याला ‘नीट नाही बघितला’ हे पारितोषिक घशाखाली उतरायला वेळ लागतोच.

अडचण संपली नव्हती. रमजान जवळ आला होता. ईदला गावची माणसं घरी येतात आणि जाताना नवं स्पांडुक घेऊन जातात. मुस्ताकिमच्या दारात कोऱ्या कापडांचे गठ्ठे येऊन पडले होते. त्यांनी ठरवलं, सकाळी मासे, दुपारी गेम. सकाळी पालेम्बांगच्या एकाचा मासा काढला, फर्मास. दुपारी नदीचं चित्र काढलं आणि पालथं घातलं, तर नदीतली होडी आरपार ओरडत होती. हात सकाळचं विसरत नव्हता. पुढच्या दिवशी उलट करून पाहिलं, आधी नदी, मग मासा. नदी शांत झाली, पण मासा झोपल्यासारखा. “आजारी आहे का हा?” कासियातीनं विचारलं. मुस्ताकिमनी तो धुऊन टाकला.

दोन दिवस ते ब्रश घेऊन नुसते ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत.

शुक्रवारी नमाजाहून आले तेव्हा आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो. कासियाती भाताची हंडी उतरवत होती, लुत्फिया आणि आंगित कसल्याशा झाडावरून वाद घालत होते, मी नेहमीप्रमाणे वाटी परत करायला आले होते. त्यांनी टोपी काढून खिळ्याला लावली.

“यंदा मी मासा रंगवणार नाही,” ते म्हणाले. “कापडं ज्याची त्याला परत द्या. विचारतील त्यांना सांगा, खालच्या गल्लीतला जुमाली बरा काढतो. मी नदी करतोय.”

“आणि पुढच्या वर्षी?” कासियातीनं विचारलं.

“भात वाढ,” ते म्हणाले.