उतारावरचा बोअर

आता मोजणीला मशीन आलंय. डोंगर असो की खड्डा, ते सरळ सपाट अंतर सांगतं. पण त्याच्या आधी मला हे अंतर एका पत्रे बसवणाऱ्या माणसानं शिकवलं, आणि त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मी भूमापक. माझी पहिली वर्षं सेलूकडच्या काळ्या रानात गेली. तिथं टेप जमिनीवर टाकायची, ताणायची, आकडा लिहायचा, संपलं. मग जिंतूरला बदली झाली. इकडं टेकड्या आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, हाताची सवय मात्र सुटली नाही. उतारावर टेप सपाट धरायची असते, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पेपरात लिहून मी चांगले मार्कही घेतले होते! अक्कल तेवढी पेपरातच राहिली.

टेकडीच्या उतारावर दोन रानं होती. वरचं एका बाईचं, खालचं तिच्या चुलत दिराचं. बाईनं आपल्या खालच्या कडेला बोअर घेतला, त्याला पाणी लागलं, आणि दीर म्हणायला लागले, बोअर माझ्या हद्दीत हाय. बाईच्या दोन म्हशी आणि भाजीचा तुकडा सगळा त्या पाण्यावर. मोजणीचा अर्ज दिरांचा.

दोघांचं बोलणं बंद होतं, त्यामुळं ते माझ्यामार्फत बोलायचे.

"म्याडम, त्यान्ला सांगा, हद्दीच्या दगडाला हात लावू नका म्हणावं."

"म्याडम, सांगा, कोण हात लावायलंय?"

भर उन्हात निरोप्याचं काम करून मी वैतागले होते. लवकर उरकावं म्हणून शिपाईमामांना टेप धरायला लावली. वरच्या दगडाबद्दल वाद नव्हता. तिथून बाईच्या रानाची लांबी नकाशात एकशेवीस मीटर. टेप जमिनीला चिकटवून आम्ही उतारानं खाली आलो. एकशेवीस भरले आणि बोअर दीड मीटर पुढं राहिला. म्हणजे गेला दिरांकडं. बाई मटकन खाली बसली. मी म्हटलं, "मामा, चुना टाका."

"थांबा," दीर म्हणाले. "माप गंडलंय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्याच बाजूनं निघालंय! आणि मोजणी आता तुम्ही मला शिकवणार का?"

"रागावू नका, म्याडम. मी छपरं बसवतो. तिरपं छप्पर असलं की पत्रा लांब लागतो. म्हणून काय घराची जागा वाढती? जागा भिंतीपासून भिंतीपर्यंतच."

नकाशातले एकशेवीस मीटर सपाट असतात, आणि मी ते तिरपे मोजून अलीकडंच थांबले होते. चूक माझीच होती, आणि ती चार माणसांसमोर निघाली होती.

पुन्हा वरून सुरुवात केली. टेप थोडी थोडी सपाट धरायची, टोकावरून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथं खूण, तिथून पुढं. पायऱ्या उतरल्यासारखं. दुपार टळली. एकशेवीस भरले तेव्हा बोअर मीटरभर आत होता. बाईच्याच रानात.

सही करताना मी दिरांना विचारलं, "गप बसला असता तर बोअर तुमचा होता. का सांगितलं?"

"तिच्याशी भांडण हाय, ते हायच. पर तुमी उद्या दुसऱ्याचंबी असंच मोजलं असतं."

उद्या कशाला? मी आधीच मोजलं होतं. जिंतूरला आल्यापासून उताराची दोन रानं, अशीच. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभी राहून कबूल केलं, बोलणी खाल्ली आणि दोन्ही पुन्हा मोजली. आजही कुठं पत्र्याचं छप्पर दिसलं की मनातल्या मनात हात जोडते.

त्या दिवशी सह्या झाल्यावर बाई पदरानं तोंड पुसत उठली. "म्याडम, त्यान्ला इचारा, चहा घेता का म्हणावं."

दीर टेकडीकडं बघत म्हणाले, "सांगा, साखर कमी टाका म्हणावं."

मी निरोप द्यायला वळले, तर बाई माझ्याकडं बघतच नव्हती. थेट त्यांना म्हणाली, "ठाव हाय मला, भावजी."