नारळ फुटलेली गाडी

अश्विनी गाडीत बसली होती आणि तिला बाहेर येता येत नव्हतं.

लातूरच्या एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप, भर दुपार. बेल्ट सुटलेले होते, स्टिअरिंग काढून मांडीवर घेतलं होतं. अंगात रेसिंगचा सूट, मानेभोवती टणक कॉलर, डोक्यावर हेल्मेट. ती डावीकडे झुकली की हेल्मेट वरच्या पाइपला अडत होतं. उजवीकडेही तेच. गाडीच्या नाकावरचं हळद-कुंकू अजून वाळलं नव्हतं.

“मामा, ओढा,” ती आतून म्हणाली.

नामदेवमामा आमचे मुख्य वेल्डर, मूळचे चाकूरकडचे. त्यांनी तिच्या काखेत हात घालून तिला हळूहळू वर घेतलं. ती सुटली तेव्हा हेल्मेटचा लाल रंग पाइपला लागला होता.

आम्ही मुख्यतः उसाच्या ट्रॉल्या बनवतो. शर्यतीची गाडी हे आमचं नेहमीचं काम नाही. अश्विनी नांदेडची. ती गो-कार्टिंगपासून शिकलेली आहे. तिने एक जुनी फॉर्म्युला कार घेतली होती. फॉर्म्युला कार म्हणजे चारही चाकं उघडी असलेली, एकाच माणसाची, जमिनीला जवळजवळ टेकलेली गाडी. गाडीच्या मूळ क्लासमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गटात, नवी चॅसिस, म्हणजे नव्या बनावटीचा सांगाडा, सक्तीची झाली आणि ही गाडी एका दिवसात बाद ठरली. चालवायला ट्रॅक उरला नाही. उरला होता तो एकच क्लास: मातीच्या ट्रॅकवरचा, कुठल्याही बनावटीची गाडी चालणारा ओपन क्लास, उदगीर रस्त्याच्या माळावर होणारा. तिथेही घेतली नाही, तर गाडी नांदेडच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाणार होती.

डांबरासाठी बनलेली गाडी मातीत न्यायची म्हणजे बरंच बदलावं लागतं. हवेच्या दाबाने गाडी खाली धरणारे पंख मातीत निरुपयोगी, म्हणून ते काढले. सस्पेन्शन उंच केलं. पण फार उंच करता येत नाही. चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट जास्त तिरका झाला की त्याचा जॉइंट तुटतो. पोटाखाली जाड पत्रा लावला. दोन गाड्यांची उघडी चाकं एकमेकांना घासली की मागची गाडी पुढचीवर चढते, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये दोन्ही बाजूंनी आडवे पाइप दिले. आणि सगळ्यात मोठं काम, केज. गाडी उलटली तर ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर राहावं यासाठी केलेला पाइपांचा पिंजरा. त्याचं ड्रॉइंग माझं होतं, वेल्डिंग मामांचं.

अश्विनीने केज तपासला होता. पाइप वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांवर तात्पुरते जोडलेले असताना ती आत बसली आणि सहज उतरली. पण तेव्हा ती जीन्समध्ये होती. डोक्यावर काही नव्हतं. मग आम्ही पूर्ण वेल्डिंग केलं, रंग दिला, नारळ फोडला. शर्यतीचे कपडे तिने चढवले ते नारळानंतर, फोटोसाठी.

या कपड्यांत मानेभोवती ती टणक कॉलर असते. ती हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली असते आणि धडकेत मान झटक्याने पुढे जाऊ देत नाही. थोडक्यात, ती मान वाकू देत नाही. आणि आमच्या केजमधून बाहेर यायला मान वाकवावी लागत होती. शर्यतीआधी गाडी तपासणारा अधिकारी, ज्याला स्क्रूटिनिअर म्हणतात, ड्रायव्हरला पूर्ण कपड्यांनिशी आत बसवतो आणि ठरलेल्या सेकंदांत स्वतः उतरायला सांगतो. जमलं नाही, तर गाडी ट्रॅकवर जात नाही.

“कॉलर न घालता उतरून दाखवते,” अश्विनी म्हणाली. “नंतर घालते.”

“ते बघतात,” मी म्हणालो. “आणि बघितलं नाही तरी आग बघते.”



उपाय एकच दिसत होता. पुढचे दोन उभे पाइप कापून आणखी पुढे न्यायचे, आणि बाजूचे पाइप पुढच्या टोकाला खाली उतरवायचे. म्हणजे बाहेर पडायची जागा मोठी होईल. मी खडूने पाइपांवर खुणा केल्या आणि मामांकडे पाहिलं.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “नारळ फुटलाय. आता कटर लागत न्हाई.”

याला नुसती श्रद्धा म्हणणं बरोबर नाही. ट्रॉलीचा नारळ फुटला की ट्रॉली गिऱ्हाइकाची झाली. त्यानंतर कोणी गेटवर उभा राहून ‘इथं एक हूक लावा, तिथं दोन इंच वाढवा’ म्हणाला, तर मामा हात जोडून नारळाकडे बोट दाखवतात. वर्कशॉपमधली अर्धी भांडणं त्या नारळाने मिटतात. मी स्वतः त्याचा अनेकदा आधार घेतलेला आहे.

“मामा, दुसरा फोडू की,” अश्विनी म्हणाली.

“दुसरा कशाचा? एका लग्नात दोनदा अक्षता टाकतेत का?”

“बरं, मग एवढं सांगा. नारळ गाडीसाठी फोडला का माझ्यासाठी?”

मामांनी विचार केला. “दोघींसाठी.”

“मग तुम्ही मला कशाला ओढून राहिले होते? गाडीला लागू पडला, मला न्हाई. अर्धा नारळ वाया गेला तुमचा.”

हेल्पर लोक हसले. मामा हसले नाहीत. ते केजजवळ गेले, पाइपला लागलेल्या लाल रंगावरून अंगठा फिरवला.

“म्हंजे काम झालंच नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “आपुन घाई केली. काम व्हायच्या आधी फुटला तो नारळ धरायचा न्हाई. खोबरं खाल्लं, सोडून द्या.”

त्यांनी खिशातला रुमाल काढला, नाकावरचं हळद-कुंकू पुसलं, रुमालाची घडी घालून परत खिशात ठेवला. मग ग्राइंडर मागितला. नवा रंग झरझर उडाला. मी ते काम बघत बसलो नाही. नवे पाइप वाकवायला घेतले.

माळावरच्या तपासणीत अश्विनी वेळेच्या आत उतरली. स्क्रूटिनिअरने केज हाताने हलवून पाहिला, डाव्या पाइपवरचा वेल्डिंगचा नवा सांधा बारकाईने बघितला आणि स्टिकर लावला. पहिल्या फेरीत ती मधल्या गाड्यांत आली. दुसऱ्या फेरीत तिच्यापुढे दोनच गाड्या होत्या, तेव्हा सीटच्या बाजूने वाफ निघाली. काळी माती इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या बारीक फटींत बसली होती आणि इंजिन तापलं होतं. डांबरावर रेडिएटरला मातीपासून जपावं लागत नाही. आम्ही तो तसाच ठेवला होता.

गाडी कडेला थांबली. मार्शल, म्हणजे ट्रॅकवर झेंडा घेऊन उभा असतो तो माणूस, धावत निघाला. तो पोचेपर्यंत अश्विनी बाहेर आलेली होती, स्टिअरिंग हातात, कॉलर मानेला. वाफेचा झोत ती बसली होती त्या सीटवर येत होता.

ती आमच्याकडे चालत आली तेव्हा संतापलेली होती. “तिसरी होते मी! रेडिएटरकडं कुणीच बघितलं न्हाई?”

“कुणी उतरवलं?” मामांनी विचारलं.

“कोण उतरवणार? मीच उतरले.”

“मग झालं.”

“काय झालं, मामा? शर्यत गेली!”

“शर्यत परत हाय की,” मामा म्हणाले आणि रेडिएटरमधली माती काडीने काढायला बसले.

गाडी आता त्याच क्लासमध्ये चालते. रेडिएटरपुढे जाळी आहे. तिच्यामागून तशा आणखी काही गाड्या आमच्याकडे आल्या, आणि वर्कशॉपची एक पद्धत बदलली. ट्रॉलीचा नारळ मामाच फोडतात. शर्यतीच्या गाडीचा नारळ मात्र ते पुढच्या चाकाजवळ नुसता ठेवून देतात. ड्रायव्हरने बेल्ट लावून आत बसायचं, स्वतः उतरायचं आणि तो फोडायचा. हेल्मेट न काढता.