थेट प्रक्षेपणात थांबलेलं गाणं

खोपोलीतल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी शास्त्रीय संगीताचं निवेदन करायला लागले, तेव्हा केंद्रप्रमुखांनी एकच गोष्ट बजावली होती. "प्रक्षेपणात शांतता नको. राग सांगायचा, ताल सांगायचा आणि गप्प बसायचं, हे आता जुनं झालं. श्रोत्यांशी गप्पा मार."

मी कर्जतच्या शाळेत शिकवते, गप्पांचं मला वावडं नाही. पण गाण्याच्या मध्ये बोलायची धास्ती वाटायची. त्यात रेकॉर्डिंगमधली चूक कापता येते, थेट प्रक्षेपणातली नाही. आणि आता पहिली थेट मैफल ठरली होती.

गाणारे बुवा कर्जतचेच, सत्तरी ओलांडलेले. शिळफाट्याजवळच्या सभागृहात सकाळची मैफल होती. खिडक्या लावूनही ट्रकचे हॉर्न आत येत होते. मी मंचाच्या कडेला हेडफोन लावून बसले होते. बुवांची तोडी छान रंगत चालली होती. आणि अंतरा उचलता उचलता ते थांबले.

आधी वाटलं, श्वास घेताहेत. पण हात तसाच वर राहिला होता, नजर कुठंतरी लागली होती. तबलजींचा ठेकाही मंदावत थांबला. हेडफोनमधून केंद्रप्रमुख म्हणाले, "बोल गं काहीतरी. घराण्याचा एखादा किस्सा सांग."

मला एकही किस्सा आठवेना. हा माणूस आता कोसळणार आणि ते मला माईकवरून सांगावं लागणार, एवढंच डोक्यात होतं. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येनं पाण्याचा पेला पुढे केला. बुवांनी तो घेतला. मी माईक सुरू केला.

"बुवा जरा थांबले आहेत. पाणी पिताहेत. तोवर तानपुरा ऐकू या."

"अगं, पुढे बोल," कानात आलं. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

शिष्येनं हळूच अंतऱ्याचा पुढचा शब्द सांगितला. बुवांनी तो पकडला आणि अंतरा भरला.

मैफल संपल्यावर केंद्रप्रमुख चिडले होते. "एवढा वेळ नुसता तानपुरा? लोक स्टेशन बदलतात."

बुवांना घरी पोहोचवायला मीही गेले. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. बुवा आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तूच का गं ती बोलणारी?"

"हो."

"मागे एकदा जेवताना हे असेच थांबले होते. आज रेडिओवर गाणं थांबलं, तशी मी चपला घालून दारात आले. पण जाणार कुठं? मग तू म्हणालीस, पाणी पिताहेत. तेव्हा कुठं मी खाली बसले." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा अजून गार होता.

त्यानंतर बुवा मंचावर गायले नाहीत. मी मात्र अजून निवेदन करते. गाणारा श्वासासाठी जरा जास्त थांबला, की मी आधी त्याचा चेहरा बघते.