पट्टी कंच्या डोळ्याला

आमच्या गावात मला उंदीरवाली म्हणतात. आधी चिमणीवाली म्हणायचे, ते जरा बरं होतं. खालापूरला एस.टी.तून उतरले की रसवंतीवाला काकासुद्धा विचारतो, "काय गं, उंदीर बरं हायत ना?" पुण्याच्या एका संस्थेत मी मेंदूवर संशोधन करते. पण मेंदू म्हटलं की लोकांना वेड्यांचं इस्पितळ आठवतं, म्हणून आईनंच सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमची पोरगी उंदीर पाळते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

चिमण्या म्हणजे आपल्या वळचणीच्या नव्हेत. लाल चोचीच्या, मुठीत मावतील एवढ्या. त्यांच्यातला नर गातो आणि ते गाणं तो बापाकडून शिकतो. शिकायचा काळ ठरलेला असतो. त्या काळात बापाचा आवाज कानावर पडला नाही, तर पिल्लू मोठं होऊन गातं खरं, पण काहीतरी तुटक, खरखरीत. मग त्याला बापाशेजारी नेऊन ठेवलं तरी फारसा उपयोग होत नाही. उंदराच्या डोळ्याचंही तसंच. पिल्लू असताना गुंगी देऊन एका डोळ्याची पापणी शिवली आणि नंतर उघडली, तर डोळा ठणठणीत असतो, पण मेंदू त्या डोळ्याचं ऐकतच नाही. त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावलेली असते. भावकीत एक जण मुंबईला राहिला की मागं बांध सरकतो, तसंच. हे मी रोजच्या रोज बघत होते, त्याच्यावर भाषणं देत होते.

आणि माझ्याच भाचीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं.

ही माझ्या भावाची मुलगी. दादाचं शिळफाट्याला मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. पोरगी तेव्हा नुकती पहिलीत गेली होती. दिवाळीत मी घरी गेले की तिला माझ्या मोबाइलवर चिमण्यांची गाणी ऐकायची असायची. कान असा तयार की बापाकडून शिकलेला पक्षी आणि न शिकलेला पक्षी, दोघांचीही शीळ ती हुबेहूब काढायची. एकदा तिनं विचारलं, "आत्या, याला आता कुणीच शिकवणार नाय?" म्हटलं, "शिकवलं तरी येणार नाही आता." तिला ते अजिबात पटलं नाही. त्याच दिवशी ती मोबाइलवर पक्षी बघत असताना मी गमतीनं तिच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला. "काळं नको ना करू आत्या!" डावा डोळा सताड उघडा होता, आणि तिला मोबाइलवरचा पक्षी दिसत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दादा, वहिनी आणि मी तिला घेऊन कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्याचा नंबर फार मोठा निघाला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. चष्मा लावायचा, आणि उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायची. चांगला डोळा झाकला की आळशी डोळ्याला काम करावं लागतं. हेच दिवस आहेत, म्हणाले, पुढं ढकलू नका. घरी येऊन मी आईलाही तेच सांगितलं, उंदरांसकट सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. "बरं, लावू," म्हणाली.

मग मला कामासाठी वर्षभर परदेशात जावं लागलं. दर रविवारी फोन करायचे. तिकडची वेळ अशी की पोरगी झोपलेली असायची. "आई, पट्टी लावता ना?" "लावतो की! डाक्टरनं दोन तास सांगितलं, मी चार तास लावते. तू घोर नको करू." मी तिथं आजूबाजूच्या लोकांना कौतुकानं सांगायचे, माझी आई चौथी शिकलेली, पण बघा कशी शिस्तीची.

परत आले ती थेट घरी. अंगणात पाऊल ठेवलं तर पोरगी धावत आली, चष्मा घातलेली, आणि चष्म्याच्या आत पट्टी. डाव्या डोळ्यावर.

मी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. "पट्टी या डोळ्याला कुणी लावली?"

"मीच," आई म्हणाली. "का? बरोबर नाय चिकटली?"

"चांगल्या डोळ्याला लावायची होती ना!"

"लावली होती की पहिली. पोर चौकटीवर आपटली, ताट सांडलं, रडून रडून डोळा लाल. मला बगवंना. आणि चांगल्या डोळ्याला कोण पट्टी लावतं गं? पायाला लागलं तर पट्टी चांगल्या पायाला बांधतेस काय? आजारी डोळ्याला आराम नको?"

वर तिनं मला दाखवलं, पट्टीच्या आत कापूस कसा मऊ करून घातलाय, कडेनं उजेडाची तिरीपसुद्धा आत जात नाही. इतकं नीट काम आमच्या प्रयोगशाळेत होत नाही. वर्षभर, रोज चार तास.

मी ओरडले. शेजारचे बाहेर आले इतकं ओरडले. "मी उंदरांना जे करते ना, तेच तू तिला केलंस! उंदराला!"

"मी काय सुई टोचली तिला?" आई म्हणाली. "तू उंदरांची हायस. माणसांची डाक्टर न्हवं तू." आणि आत निघून गेली.

दादा संध्याकाळी दुकानातून आला. त्याला ठाऊक होतं, आणि डॉक्टरांकडं पोरीला पुन्हा कुणी नेलंच नव्हतं. "मला आईचं बी बरोबर वाटलं गं," म्हणे. "आणि तूच फोनवर नीट इचारायचं ना, कंच्या डोळ्याला लावता." हे तो मला आजतागायत ऐकवतो. अरे माणसा, डॉक्टर तुझ्या तोंडावर बोलला होता! मोटारीच्या दोन वायरींची कधी अदलाबदल केलीस का रे?

वहिनी मात्र खाली मान घालून भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशी गेले तर हळूच म्हणाली, "माज्या लक्षात आलं होतं. एकदा बोलले, तर सासूबाई दोन दिस जेवल्या नायत. मग रोज उठून कोण भांडणार?" मला पुण्याला जायचं होतं, तिला तिथंच राहायचं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

कर्जतच्या डॉक्टरांनी कुणालाच बोल लावला नाही. त्यांनी लावायला हवा होता. "आता जेवढं मिळेल तेवढं मिळवू," म्हणाले. मग उजव्या डोळ्यावर पट्टी सुरू झाली. या वेळी आई स्वतः लावायची. पोर आपटली की तोंड फिरवून बसायची, पण पट्टी काढायची नाही. बैल गेला नि झोपा केला. दवाखान्यातल्या तक्त्यावरची वरची दोन अक्षरं पोरीला डाव्या डोळ्यानं दिसायला लागली, आणि गाडं तिथंच अडलं. पुढं डॉक्टरांनीच पट्टी थांबवली.

आता ती सातवीत आहे. अंधूक उजेडात पायरी चुकते. बॅडमिंटनचं फूल तिच्या हातून नेहमी सुटतं, म्हणून मैत्रिणी तिला खेळायला घेत नाहीत. ती तक्रार करत नाही. लोक मला म्हणतात, जाऊ दे, आईच्या मनात वाईट नव्हतं. मलाही माहीत आहे नव्हतं! वाईट असतं तर एकदा भांडून मोकळी झाले असते. मायेनं केलं म्हणून डोळा परत येतो का? मला आईचा राग आहे, आजही आहे, आणि तो गेला असं मी कुणाच्या समाधानासाठी म्हणणार नाही.

त्यानंतर मी चिमण्यांचं काम सोडलं. आता फक्त उंदीर. शिकायचा काळ सरून गेल्यावरही मेंदूचं ते दार पुन्हा उघडतं का, एवढंच बघते. आईनं माझ्या कामाबद्दल जन्मात कधी विचारलं नव्हतं. आता दर रविवारी तीच फोन करते. पाऊस, गुडघे, भाताची लावणी, आणि मग ठेवता ठेवता, "उंदराला दिसाया लागलं काय गं?"

"नाही गं अजून," मी म्हणते. दर रविवारी हेच.

आम्ही उंदरांना पाण्याच्या टाकीत सोडतो. समोर दोन पडदे असतात, त्यातल्या ज्याच्यावर रेघा असतील त्याच्याखाली पाण्यात उभं राहायला पाट ठेवलेला. रेघा दिसल्या तर उंदीर सरळ तिकडं पोहतो, नाही दिसल्या तर भरकटतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच, एका औषधानंतर, मोठे झालेले काही उंदीर चांगला डोळा झाकलेला असताना त्या वाया गेलेल्या डोळ्यानं बघत रेघांकडं गेले. सरळ गेले. प्रयोगशाळेत कुणीतरी पेढे आणले. मी एक घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्या रविवारी फोन आला. गुडघे झाले, पाऊस झाला.

"उंदराला दिसाया लागलं काय गं?"

हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.नं ती पोरीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली असती. उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती लांब असते, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? ती वाट संपेल तेव्हा आई नसेल. कदाचित मीही नसेन. तेव्हा ती पोर कितीची असेल, याचा मी विचार करत नाही.

"नाही गं आई, अजून नाही."

"बरं," आई म्हणाली. "तू कर सावकाश. मी पोरीला रोज सांगते, आत्या करतेय म्हणून."